शेठ प्रेमचंद रायचंद : समुद्रातील जमीन आणि दानातील मूळधन

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या व्यापारी इतिहासात ज्या जैन श्रावकांची नावे अग्रक्रमाने घेतली जातात, त्यांत शेठ प्रेमचंद रायचंद यांचे स्थान आगळे आहे. त्यांच्या उत्कर्षाची कथा सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या पतनाची कथा बहुधा एका वाक्यात संपविली जाते. वस्तुतः या दोन्ही कथा एकत्र वाचल्यावरच त्यांच्या जीवनाचा खरा बोध होतो. घर, दुकान, जमीन घेऊन तिच्या उत्पन्नावर निश्चिंत व्हावे, असे प्रत्येक व्यापाऱ्यास व प्रत्येक संस्थेस वाटते. अशा निश्चिंततेचा पाया कोणता आणि भ्रम कोणता, हे प्रेमचंद शेठांच्या जीवनाइतके स्पष्ट क्वचितच अन्यत्र दिसेल.

बालपण व उदय

प्रेमचंद शेठांचा जन्म इ.स. १८३१ मध्ये सुरत येथे एका दशा ओसवाळ जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे बेताच्या स्थितीचे व्यापारी होते. सुरतेच्या बंदराचे वैभव तोवर ओसरले होते आणि तेथील अनेक कुटुंबे मुंबईची वाट धरीत होती. रायचंदभाईही सहकुटुंब मुंबईस आले. त्या काळी व्यापारी घरांतील मुलास हिशेब व वहीखाते आले म्हणजे शिक्षण पुरे झाले, असे मानले जाई. प्रेमचंद मात्र इंग्रजी शिकले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे ते मुंबईतील पहिले दलाल होत, असे सांगितले जाते. या एका गुणामुळे इंग्रज पेढ्यांचे आणि बँकांचे दरवाजे त्यांना तरुण वयातच उघडे झाले.

विशीच्या सुमारास त्यांनी दलालीस आरंभ केला. प्रथम दुसऱ्या दलालाच्या हाताखाली, पुढे स्वतंत्रपणे. स्मरणशक्ती विलक्षण, शब्द पक्का आणि वागणे सौम्य. कापूस, सोने-चांदी आणि रोखे या तिन्ही बाजारांत अल्पावधीतच त्यांच्या शब्दाला वजन आले. वयाच्या तिशीपर्यंत ते मुंबईतील अग्रगण्य दलाल झाले होते.

कापसाची तेजी आणि वऱ्हाड

इ.स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडमधील गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. त्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी होताच लँकेशायरच्या गिरण्यांपुढे हिंदुस्थानी कापसावाचून दुसरा आधार उरला नाही. कापसाचे भाव काही पटींनी वाढले. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईस नेहमीच्या किमतीपेक्षा सात ते आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज इतिहासकारांनी दिला आहे.

या तेजीशी आपल्या बुलढाणा जिल्ह्याचाही निकटचा संबंध आहे. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ. काळ्या जमिनीतील कापूस येथे येऊन पुढे मुंबईकडे जाई. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके त्याच मार्गावरील. पुढे १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी स्वतः खामगावी आले होते. एका वऱ्हाडी पेठेस तेरा-चौदा किलोमीटरचा स्वतंत्र लोहमार्ग मिळावा, यावरून त्या काळच्या कापसाचे महत्त्व लक्षात यावे.

प्रेमचंद शेठांनी या तेजीचा लाभ इतरांच्या आधी ओळखला. विलायतेच्या भावाची खबर लवकर मिळविण्याची त्यांनी खास व्यवस्था ठेवली होती. कापसाच्या व्यवहारात त्यांनी अपार द्रव्य मिळविले. येथपर्यंत मालाचा व्यापार होता. पुढील अध्याय मालाचा नव्हता.

समुद्रातील जमीन

इतका पैसा आला की तो ठेवावयास जागा उरली नाही. मुंबई हे बेटांचे शहर. जागा अपुरी आणि लोकसंख्या वाढती. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. किल्ल्याचे तट पाडण्याचे काम सुरू झाले होते. घरभाडी वाढत होती. जमिनीत पैसा गुंतवावा म्हणजे पिढ्यान्पिढ्या घरबसल्या उत्पन्न येईल, असा विचार प्रत्येकाच्या मनात आला. विचार चुकीचा नव्हता. परंतु अस्तित्वात असलेली जमीन थोडी होती. म्हणून अस्तित्वात नसलेल्या जमिनीचे व्यवहार सुरू झाले.

समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या उभ्या होत्या. त्यांतील सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिचे प्रमुख प्रवर्तक प्रेमचंद शेठ. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरात भर घालून जमीन काढावयाची, अशी योजना होती. कंपनीचे भांडवल एक कोटी रुपये; प्रत्येकी ५,००० रुपयांचे २,००० भाग. यांतील ४०० भाग मुंबई सरकारने घ्यावयाचे ठरले होते. हिंदुस्थान सरकारने त्यास मान्यता दिली नाही, तेव्हा ते भाग लिलावात काढण्यात आले. प्रत्येक भागावर २६,५०० रुपये अधिमूल्य मिळाले, म्हणजे एकंदर १ कोटी ६ लाख रुपये. संपूर्ण कंपनीच्या भांडवलाहून अधिक रक्कम केवळ ४०० भागांच्या वरकड भावापोटी दिली गेली, आणि ज्या जमिनीसाठी ती दिली ती तेव्हा पाण्याखाली होती. पुढे या भागाचा भाव ५०,००० रुपयांच्या आसपास गेला.

त्या जमिनीवर घर नव्हते, भाडेकरू नव्हता, भाडे नव्हते. उत्पन्न शून्य असलेल्या मिळकतीची किंमत केवळ उद्या कोणी अधिक देईल या आशेवर ठरत होती. शिवाय भाग घेणाऱ्यांपैकी अनेकांनी कर्ज काढून पैसा लावला होता. बँक ऑफ बॉम्बेने पुरेशा तारणावाचून, पुष्कळदा अशाच कंपन्यांच्या भागांवर, मोठमोठी कर्जे दिली. बँकेच्या कारभारावर प्रेमचंद शेठांचा प्रभाव फार होता. कोणास कर्ज मिळावे हे त्यांच्या शिफारशीवर ठरे आणि त्यांनी स्वतःही मोठ्या रकमा उचलल्या होत्या. पुढील चौकशीत हे सर्व उघड झाले. थोर पुरुषाच्या चरित्रात हा दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांचे थोरपण त्याने नाहीसे होत नाही आणि वाचकास मात्र सावध करते.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. पुढच्या वायद्याचे असंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे होते. त्या दिवशी घेणारे पैसे देऊ शकले नाहीत, देणारे माल घेऊन बसले. एका पेढीच्या मागे दुसरी पेढी बुडाली. बॅक बे कंपनीचा ५०,००० चा भाग २,००० रुपयांच्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांचा भाग ८७ रुपयांवर आला. बँकेचे जवळजवळ सारे भांडवल बुडाले. १८६८ मध्ये ती बंद झाली, त्याच वर्षी चौकशी आयोग बसला आणि त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.

केवळ कागदाचे भावच पडले असे नाही. पोटासाठी मुंबईस आलेले हजारो लोक परत गेले. १८७२ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली. ज्यांनी चढ्या भावाने आणि कर्जाऊ पैशाने खरी घरे बांधली होती, त्यांनाही या गोष्टीने फटका बसला, कारण भाडे माणसे देतात, भिंती देत नाहीत.

प्रेमचंद शेठांनी काही काळ तग धरली. परंतु १८६६ मध्ये त्यांचेही दिवाळे निघाले. ज्यांच्या एका चिठ्ठीवर बँक पैसे देत असे, त्यांना वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आपली मालमत्ता घेणेकऱ्यांच्या हवाली करावी लागली.

जे दिले ते राहिले

चरित्राचा मर्मभाग येथे आहे. तेजीच्या ऐन भरात, ऑगस्ट १८६४ मध्ये, प्रेमचंद शेठांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. थोड्याच आठवड्यांत त्यांनी आणखी दोन लाख रुपये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच इच्छा व्यक्त केली. वर्षभराच्या आत बाजार कोसळला. शेठांच्या तिजोरीतील सारे गेले. पण हे चार लाख त्यांचे राहिले नव्हते, म्हणून ते वाचले.

१ मार्च १८६९ रोजी बांधकामाची कोनशिला बसली. लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा तयार केला होता. नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय पूर्ण झाले. एकंदर खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये आला. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नेम त्यांना पाळता यावा म्हणून घंटानाद हवा होता, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींच्या समूहास युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या समूहात हा मनोराही आहे.

दुसरे दान अधिक विचार करण्याजोगे आहे. कलकत्ता विद्यापीठास त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि त्यांतून १८६६ साली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती स्थापन झाली. येथे इमारत बांधली गेली नाही. मूळधनास हात न लावता त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी विद्वानांस साहाय्य करावयाचे, अशी ही व्यवस्था. ज्या वर्षी दात्याचे दिवाळे निघाले, त्याच वर्षी त्याच्या नावाने ही शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे सर आशुतोष मुखर्जी, इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार आणि यदुनाथ सरकार हे तिचे मानकरी झाले. यदुनाथांचा औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरील ग्रंथ याच शिष्यवृत्तीसाठी लिहिलेल्या निबंधातून तयार झाला आणि पुढे त्यांनीच शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. सुरतेच्या एका जैन दलालाच्या पैशाने कलकत्त्यात वाढलेली विद्या अशा रीतीने महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. अहमदाबादचे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय आणि सुरतेची वडिलांच्या नावाची कन्याशाळा, हीही त्यांच्याच दातृत्वाची फळे.

पतनानंतरची चाळीस वर्षे

दिवाळे निघाल्यानंतर प्रेमचंद शेठ चाळीस वर्षे जगले, याचा पुष्कळांस विसर पडतो. ते मुंबई सोडून गेले नाहीत, तोंड लपवून बसले नाहीत. ज्या बाजारात नाव गेले त्याच बाजारात ते पुन्हा उभे राहिले आणि दलालीचा व्यवसाय पहिल्यापासून सुरू केला. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही. पत मात्र परत आली.

९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या दलालांनी आपली संघटना रीतसर स्थापन केली. प्रवेश फी एक रुपया आणि सभासद ३१८. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद शेठ होते. हीच संस्था पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आली. ज्याने बेबंद सट्ट्याचे परिणाम सोसले, त्याचाच हात नियम घालणाऱ्या संस्थेच्या उभारणीस लागला. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांनी सर दिनशा वाच्छा यांनी त्यांच्या पूर्वायुष्याचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

आणि समुद्रातील त्या जमिनीचे काय झाले? बॅक बे कंपनी बुडाली. जेवढी पट्टी भरून झाली होती ती सरकारजमा झाली आणि तिच्यावरून कुलाब्याकडे जाणारा लोहमार्ग गेला. पूर्व किनाऱ्यावरील एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने मात्र प्रत्यक्ष जमीन काढून गोदामे व धक्के बांधले होते. तिची मिळकत सरकारने १८७० मध्ये विकत घेतली आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या मालमत्तेचा तो पाया झाला. त्या जमिनीने पिढ्यान्पिढ्या भाडे दिले. दोन्ही कंपन्या एकाच तेजीतील. एकीजवळ नकाशा होता, दुसरीजवळ गोदाम.

चरित्राचा बोध

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा करावयाची, त्यांत क्षेत्र आणि वास्तु, म्हणजे जमीन आणि घर, यांचा उल्लेख प्रथम येतो. सोने, धन, धान्य नंतर. शास्त्रकारांनी स्थावराचा मोह सर्वांत आधी ओळखला होता, असेच म्हणावे लागेल. याचा अर्थ श्रावकाने मिळकत करू नये असा नाही. किती, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने, हे आधी ठरवावे, असा आहे.

आज आपल्या जिल्ह्यातील गावोगावी शहराबाहेर ले-आउट पडत आहेत आणि भूखंड घेतला की आयुष्याची चिंता मिटली, असे मानले जाते. अशा वेळी साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, वीस लाखांचा गाळा घेतला आणि त्याचे भाडे महिना आठ हजार आले, तर वर्षाचे ९६,००० होतात. कर, दुरुस्ती आणि गाळा रिकामा राहण्याचा एखादा महिना वजा जाता ८०,००० च्या आसपास उरतील, म्हणजे शेकडा चार. गाळा स्वतःच्या पैशाचा असेल, तर ही रक्कम खरोखर घरबसल्याचे उत्पन्न होय. तोच गाळा पंधरा लाखांचे कर्ज शेकडा नऊ दराने काढून घेतला असेल, तर पहिल्या वर्षाचे व्याजच १,३५,००० होते आणि मालक भाडेकरूसाठी पदरचे पैसे घालू लागतो. भाव वाढेल या आशेवर तो थांबतो. १८६४ साली मुंबईही याच आशेवर थांबली होती.

म्हणून आर्थिक स्वावलंबन मिळकतीच्या किमतीवर मोजू नये. कर्जमुक्त मिळकतीच्या निव्वळ उत्पन्नातून घरखर्च भागतो की नाही, आणि वाईट वर्षीही ती मिळकत विकावी लागत नाही ना, एवढे पाहावे. १८६४ मध्ये प्रेमचंद शेठांइतका श्रीमंत मनुष्य मुंबईत क्वचितच असेल. परंतु या मापाने ते स्वावलंबी नव्हते.

संस्थांनाही हेच लागू आहे. धर्मशाळा, पाठशाळा, औषधालय वर्षानुवर्षे चालते ते वर्गणीच्या पावतीपुस्तकावर नव्हे, तर कोण्या पूर्वजाने दिलेल्या गाळ्याच्या भाड्यावर आणि कायम निधीच्या व्याजावर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांना स्थावर मिळकत विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि इतर जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देता येत नाही. हा नियम पुष्कळांस अडचणीचा वाटतो. परंतु तेजीच्या एका वर्षात विश्वस्तांचे मन फिरू नये, म्हणून घातलेला तो बांध आहे. कलकत्त्याच्या दोन लाखांना जे संरक्षण मिळाले, तेच येथे कायद्याने दिले आहे.

शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मिळविले फार, गमावलेही फार. त्यांच्या वहीतील नावे बाजूची रक्कम काळाने पुसून टाकली. दानखात्यातील जमा तेवढी शिल्लक राहिली. मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक श्रावकाने फोर्टात क्षणभर थांबून तो मनोरा पाहावा. पुत्राचे सर्व वैभव लयास गेल्यावरही मातेचे नाव तेथे दीडशे वर्षे वेळ सांगत उभे आहे. त्या दानवीराच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.